गावतळ्यातला जिताडा

भिवंडी, २८ एप्रिल

प्रिय नामा,

रामराम. माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट न फोडताच तू चुलीत घातलं असतंस, म्हणून वरचा पत्ता सूनबाईकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच. दोन वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, शहापूरकडे रेंजची बोंब असेल. मग एकदा आमच्या पोराच्या, मितेशच्या फोनवरून लावला, तर तू पहिल्याच रिंगला उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. तेव्हा कळलं की रेंज उत्तम आहे. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही. फार तर तू बाजूला फेकशील, मग तुझी बायजाबाई ते उचलून मेघालीकडून वाचून घेईल, आणि माझं म्हणणं भाकरीच्या वेळेला तुझ्या कानावर पडेलच.

पत्र लिहायला तसं खास कारण काही नाही. सहज लिहावंसं वाटलं. आता तू हसला असशील, कारण सहज म्हणून मी आयुष्यात काही केलेलं नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत. तरी आधी खबरबात सांगतो, मग बाकीचं.

तुझं घर शाबूत आहे. मागच्या पावसात पडवीची चार कौलं सरकली होती, ती बसवून घेतली. मी स्वतः चढणार होतो, पण पुतळाबाईनं शिडीच लपवून ठेवली. पासष्टीला आलेला माणूस शिडीवर चढला की बायकोला थेट विम्याचे कागद आठवतात. शेवग्याला यंदा एवढ्या शेंगा लागल्या की तिनं सगळ्या आळीत वाटल्या, आणि दर घरी 'बायजाबाईच्या झाडाच्या हायेत' असं बजावून सांगितलं. गावाबाहेर मात्र तू आलास तर चुकशील. पूर्णा गावापासून आपल्या वेशीपर्यंत गोडाऊनांची रांग लागली आहे. आपण दोघं जिथून भाताचे भारे वाहायचो तिथे आता टीव्हीचे आणि चपलांचे खोके उतरतात. परवा कशेळीच्या पुलावर अडीच तास अडकलो. पुढच्या ट्रकच्या मागचे दोन्ही शेर पाठ झाले. शेजारच्या टेम्पोवाल्यानं मला थर्मासमधला चहा पाजला आणि त्याच्या मुलीचं लग्न कुठे करावं यावर माझा सल्लाही घेतला. त्याच्याआधी निजामपुऱ्यात चादरी घ्यायला गेलो होतो, तिथे तुझ्या जुन्या कारखान्याचे मुकादम भेटले. दाढी सगळी पांढरी झाली आहे, पण तुला विसरलेले नाहीत. 'वो आपका तालाबवाला दोस्त कैसा है? शिफ्ट छूटते ही ऐसा भागता था जैसे तालाब में बच्चा छोड़ के आया हो,' असं म्हणाले. मी म्हटलं, मजे में है. खोटं बोलायची मला अलीकडे सवय झाली आहे, ते पुढे येईलच.

मुकादमांचं म्हणणं मात्र खरं आहे. तू विशीचा होतास, शहापूरच्या आतल्या गावातून लूमवर कामाला आलास आणि आमच्या पडवीत राहिलास. त्या उन्हाळ्यात तळं आटून मधली जुनी विहीर तेवढी उघडी पडली होती. गावातली माणसं बांधावर उभं राहून गाळ काढायला पाहिजे, गाळ काढायला पाहिजे असं बोलत होती, आणि तू दिवसपाळी संपवून, कानात कापसाचे बोळे तसेच ठेवून, फावडं घेऊन आत उतरलास. आठ दिवस एकटा खणत होतास. नवव्या दिवशी माझ्या बाबाला लाज वाटली आणि तो उतरला, मग सगळं गाव उतरलं. त्या वर्षी पाणी कंबरभर जास्त राहिलं. दर पावसाळ्यात रोहू-कटल्याची पिल्लं आणून सोडायची, बांध राखायचा, धुण्याचा साबण एका कोपऱ्यापलीकडे येऊ द्यायचा नाही, बारीक मासळी गोरगरिबांना कधीही धरू द्यायची, पण मोठ्याला वैशाखापर्यंत हात लावू द्यायचा नाही, हे सगळं तू लावलंस. पगार नाही, पद नाही. ग्रामपंचायतीच्या कागदात तुझं नाव कुठेही नाही.

आणि वैशाखात जाळं ओढलं की वाटे. हे आठवलं तरी मला अजून मजा वाटते. केळीच्या पानांवर घरटी एक ढीग, रोहूचं डोकं कुणाला, पोटाचा तुकडा कुणाला यावरून चार भावक्यांच्या चाळीस तऱ्हा. पहिल्याच वर्षी मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा बाबा म्हणाला, ज्याची गावात भावकीच नाही त्याला पाठमोरा उभा करा. तेव्हापासून तू ढिगांकडे पाठ करून, डोळ्यांवर पंचा बांधून उभा राहायचास. केसरीनाथ काठीनं एकेका ढिगाला शिवून विचारायचा, 'ह्यो कुनाचा?' आणि तू एकेका घराचं नाव घ्यायचास. अडतीस वर्षं. एकदाही कुणी म्हणालं नाही की नामानं आपल्याला शेपटं दिली. मला सलग पाच वर्षं शेपटं आली होती, तरी मीही म्हणालो नाही. घरी येऊन तुला शिव्या दिल्या, तो भाग वेगळा.

तू गेल्यावर मागच्या वैशाखात काय झालं ते ऐक. पाठमोरं उभं कुणी राहायचं यावर तासभर वाद झाला, कारण आता ज्याला भावकी नाही असा माणूसच उरला नाही. शेवटी केसरीनाथचा दीपेश म्हणाला, मोबाइलमध्ये ॲप आहे, ते आपोआप नंबर काढतं, ते कुणाच्या बापाचं नाही. ठीक आहे म्हटलं. ॲपनं पहिला, सगळ्यात मोठा ढीग दीपेशच्याच घराला दिला. मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. बायका म्हणाल्या, मोबाइलनं पण मालक ओळखला. दीपेश बिचारा आईची शपथ घेत होता. ढीग तरी केवढे होते म्हणशील, तर ओंजळभर. चार घरांना नुसती हलक्या जातीची चिलापी आली. भांडण मोठं आणि मासळी छोटी, असा सगळा प्रकार.

आता यंदाची मुख्य बातमी. गावात सध्या एकच विषय आहे, आणि त्यानं आमच्या घराचे दोन तुकडे केले आहेत. मितेश आणि दीपेश यांनी मिळून तळ्यावर फिशिंग क्लब काढायचं ठरवलं आहे. गोडाऊनांचे मॅनेजर, ठाण्याचे साहेबलोक रविवारी येणार, तिकीट काढणार, कंबरेएवढ्या काठ्या आणि चकाकणारे गळ घेऊन बसणार. त्यांना रोहू-कटला नको. त्यांना झुंजणारा मासा पाहिजे. म्हणून तळ्यात जिताड्याची पिल्लं सोडायची, पाचशे. मासा गळाला लागला की धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. तिकिटातून तळ्याची साफसफाई, बांधावर दिवे, बाकडी. पोरगा कागद करून आला होता, रंगीत. खरं सांगायचं तर त्याचं सगळंच चूक नाही. तळ्याकडे आता कुणी बघत नाही. कडेला प्लास्टिक तरंगतं, पाण्यात थोडीफार चिलापी तेवढी उरलीय, आणि मितेश म्हणतो तसं, ज्या तळ्यातून गावाला काही मिळत नाही ते उद्या कुणीतरी बुजवेल आणि वर गोडाऊन उभं करेल. आपल्या गावात हे काही अशक्य नाही.

दुसऱ्या बाजूला आमच्या सूनबाई, मितेशची बायको पूर्वी. ती भिवंडीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, जिताडा काय फक्त चिलापी निवडून खाणार आहे का? तो आधी बारीक मासळी खातो, मग कोलंबी, मग रोहूची पिल्लं, आणि शेवटी काही उरलं नाही की आपल्याच भावाला. नवरा म्हणतो तळं वाचेल, बायको म्हणते तळं मरेल, आणि जेवायला बसल्यावर दोघंही माझ्या ताटाकडे बघतात, बाबा कुणाच्या बाजूनं म्हणून. मी वरण ओढत बसतो. आठ दिवसांत मी एवढं वरण प्यालो की पुतळाबाईनं डाळीचा डबा वर ठेवला.

देवळापुढच्या बैठकीत सगळ्यांत चांगलं कोण बोललं असेल तर आपली गोदू. तिला ओळखतोस ना, खालच्या आळीतली, नवरा गेल्यापासून रोज सकाळी जुन्या लुगड्याची झोळी करून तळ्याच्या कडेनं बारीक मासळी धरायची ती. ती उभी राहिली आणि मितेशला म्हणाली, 'बाला, खायाचा न्हाय त त्याला गलाला लावता कशाला? तोंड फारायचा, फोटू काराचा न परत सोरायचा, ही कंची मजा?' सगळे हसले. मग ती म्हणाली, 'दोन वर्सं झाली, माझ्या झोलीत काय बी येत न्हाय. आता मी गोडाऊनला झारू मारते. तुमचा मासा झुंजंल, पन माझ्या मासलीनं कवा झुंजायचा?' तेव्हा कुणी हसलं नाही. मला माझ्या पोराचा त्या क्षणी अभिमान वाटला, कारण तो मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहून घेत होता.

आता तू विचारशील, हे जिताड्याचं खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून. तर ऐक. महाशिवरात्रीच्या सुमाराला दीपेशचा एक ठाण्याचा मित्र काठी घेऊन बांधावर सहज बसला होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याच्या काठीला असा हिसका बसला की तो चप्पल सोडून गुडघाभर पाण्यात गेला. पाऊण तास ओढाताण झाली, अर्धं गाव जमलं. वर आला तो जिताडा. सहा किलो आणि वर काहीतरी. रुपेरी अंग, सोन्यासारखे डोळे. त्याचे फोटो गावाच्या ग्रुपवर पडले, मग पलीकडच्या गावाच्या ग्रुपवर, मग उन्नतीनं तिच्या सासरहून मला पाठवले आणि खाली लिहिलं, बाबा, हे आपलं तळं आहे का.

गोड्या पाण्याच्या तळ्यात जिताडा आला कुठून, यावर गावानं जी अक्कल चालवली ती तू ऐकायला हवी होतीस. कुणी म्हणालं, बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून आली. कुणी म्हणालं, पुराच्या वर्षी खाडीतून चढला. आपलं तळं टेकाडावर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. केसरीनाथनं निकाल लावून टाकला. 'देवीनं दिलेला हाय. देवीनं दिलेल्याला नको कसा म्हनायचा?' दुसऱ्या दिवशी कुणीतरी बांधावर नारळ फोडला आणि हार पाण्यात सोडला. त्या हारावर मासळी जमली नाही, कारण जमायला मासळीच नव्हती. एवढं होऊनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तो आमच्या सूनबाईच्या. जेवताना ती शांतपणे म्हणाली, 'जिताडा वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं. आपल्या तळ्यात तो जन्मूच शकत नाही. कोणीतरी आणून सोडलाय.' मितेश म्हणाला, कोण सोडेल? ती म्हणाली, ते मला काय माहीत, आणि वरणाची वाटी माझ्यापुढे सरकवली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. पुतळाबाई उठून आत गेली.

नामा, इथे मी पेन खाली ठेवला होता. चहा घेतला, बाहेर जाऊन तुझ्या अंगणाला पाणी मारून आलो, शेजारच्या विशालचं पोरगं सायकल शिकत होतं त्याला दोन फालतू सूचना दिल्या, आणि आता परत बसलो आहे. लिहायचंच आहे तर लिहून टाकतो.

जिताडे मी सोडले. चार पावसाळ्यांमागे. उन्नतीच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या सासरी पेणकडे जेवायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. आमचे व्याही बाळाराम यांनी घरच्या तळ्यातला जिताडा वाढला, तळहाताएवढ्या तुकड्या, आणि वाढता वाढता म्हणाले, तुमच्याकडे आता तळी कुठली, तुमच्याकडे गोडाऊनं. चिडवायचं म्हणून बोलले. व्याह्यानं चिडवायचंच असतं. पण मला झोंबलं. मी छाती फुगवून सांगून बसलो की तीन वर्षांत आमच्या तळ्यातला जिताडा खायला या, याच्याहून मोठा. बोललो खरा, पण तळं कुठे होतं? बाबाची परसातली तळी मी स्वतः बुजवली होती आणि तिच्यावर गाळा बांधून भाड्यानं दिला होता. मग राहिलं कोणतं? गावाचं. परतताना त्याच बाजूच्या एका पिल्लं विकणाऱ्याकडून बोटभर पिल्लांची पिशवी घेतली. गाडीत ती पुतळाबाईच्या मांडीवर होती. ती म्हणत होती, नामाभावजींना सांगा, ते तळं राखतात. मी म्हटलं, नामा नाही म्हणेल. तू नाही म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू दिवसपाळीला गेल्यावर मी पिशवी विहिरीच्या बाजूला सोडली.

पिल्लं किती घेतली विचार. पंचवीस. मला पाहिजे होते दोन, एक व्याह्यांना आणि एक आपल्याला. पण बाबा सांगायचा, पंचवीस आणावे तेव्हा दोन जगतात. तो कशेळीच्या खाडीवरून मडक्यात पिल्लं आणायचा, उन्हातून, कावडीनं, अर्धी वाटेत मरायची, उरलेली तळीत. ते त्याचं गणित मी जसंच्या तसं उचललं. माझी पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत, प्राणवायू भरून, एसी गाडीत पुतळाबाईच्या मांडीवर आली, याचा हिशेब मी धरलाच नाही. ती पंचवीसच्या पंचवीस जगली असणार. विहिरीच्या तोंडाशी लपून बसली, जाळं आलं की खाली, जाळं गेलं की वर. मार्च महिन्यात पाणी उतरल्यावर मी सकाळी बांधावर बसून मोजायचा प्रयत्न केला. सतरापर्यंत मोजले आणि उठलो. जन्मभर मासळी खाल्लेला आगरी माणूस मी, आणि जिताडा काय खातो याचा विचार मी केला नाही.

आता ज्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, त्याबद्दल लिहितो. दोन वर्षांमागे जाळं ओढलं आणि अर्ध्या पाट्या रिकाम्या निघाल्या, तेव्हा तू गोंधळून विहिरीकडे बघत उभा होतास. तू पंचा डोळ्यांवर बांधलास, पाठ केलीस, आणि केसरीनाथनं पहिल्या ढिगाला काठी लावली. त्यानं 'ह्यो कुनाचा' असं विचारलंच नाही. तो म्हणाला, 'कुंपनानंच शेत खाल्लाय, आनि वाटं कसलं घालता?' मग मागून कुणीतरी भिवंडीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो पहाटे पाहिल्याचं बोललं. तू पंचा काढलास आणि वळलास. सगळ्या गावातून तू फक्त माझ्याकडे बघितलंस. आणि मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत राहिलो. चपलेला काहीही झालेलं नव्हतं.

तुला वाटलं असेल की माझाही तुझ्यावर संशय आहे. तसं असतं तर बरं झालं असतं, नुसता मूर्ख ठरलो असतो. मला त्याच क्षणी समजलं होतं. पूर्ण नाही, पण पुरेसं. मी मनात म्हणत होतो, दोन जिताडे एवढं खाणार नाहीत, दोन एवढं खाणार नाहीत. पण दोन आहेत, एवढं तरी मला मोठ्यानं म्हणता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. गाव हसलं असतं, व्याह्यांपर्यंत गोष्ट गेली असती, शेठ म्हणून जी काय मान ताठ आहे ती थोडी खाली आली असती. तेवढं मला जड झालं. दुसऱ्या दिवशी तुझं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी कोर्टाच्या कामाचं निमित्त काढून घरातून निघून गेलो. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. पुतळाबाईनं दोन वर्षं मला जिताड्याचं नाव घरात काढू दिलेलं नाही. बायजाबाईचा फोन आला की ती आधी छान बोलते, गुडघे, शेंगा, मेघालीचं बाळ, आणि मग मध्येच गप्प होते. बायजाबाईला वाटत असेल की फोन कटला.

तर पत्राचं खरं कारण आता सांगतो. एक मेला ग्रामसभा आहे आणि मितेशचा ठराव तिथे येणार आहे. त्यात मी उभा राहून सांगणार आहे की देवीनं काही दिलेलं नाही, जिताडा मी सोडला, नामानं तळ्यातलं एक शेपूट कधी विकलं नाही, आणि आधी माझे जिताडे बाहेर काढा, मग गोदूला पुढे बसवून नव्या माशाचं काय ते ठरवा. हे तुला गावाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटलं. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. एकदा मी चपलेशी वाकलेला माणूस आहे, परत वाकणार नाही याची खात्री मला नाही. समोर पोरगा बसलेला असेल, केसरीनाथ असेल, भाडेकरू कंपनीचा साहेबही येणार आहे म्हणे. म्हणून उद्या सकाळी भिवंडीच्या पोस्टात जाऊन हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतो आणि पावती खिशात घालूनच सभेला बसतो, म्हणजे माघारी फिरायची वाट राहणार नाही. मी बोललो तर केसरीनाथ माफी मागायला तुझ्याकडे शहापूरला येईल. त्याला चहा पाज, त्याची चूक एवढीच की त्यानं माझ्याऐवजी तुझ्याकडे बोट दाखवलं. मला पाजायचा की नाही ते तू ठरव. आणि तीन तारखेपर्यंत तो आला नाही, तर समज की तुझा मित्र पुन्हा गप्प बसला. मग माझी भीडभाड ठेवू नकोस. पहिली एसटी धर, देवळापुढे उभा राहा आणि हे सगळं वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाच. कुणी खोटं म्हणायला नको म्हणून खाली सही पुऱ्या नावाची करतो.

तुझाच,
तुळशीराम हिरू भोईर